वगळलेला नंबर

त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात सतरा चार्जर होते आणि त्यांतले चौदा कशाचे, हे त्याला सांगता येत नव्हतं. वीस वर्षं प्रोग्राम लिहून पोट भरल्यावर यंत्रांबद्दल त्याचं एक मत बनलं होतं. नवं यंत्र घरात आलं की पहिला महिना ते पाहुण्यांना दाखवायचं, मग वर्षभर वापरायचं, आणि पुढची दहा वर्षं फक्त त्याचा चार्जर टाकून द्यायला धीर होत नाही म्हणून सांभाळायचा. तरीही नवं काही निघालं की तो घ्यायचाच. मनगटावरचं घड्याळ त्याला दिवसातून चार वेळा उठून उभं राहायला सांगे. तो निमूटपणे उभा राही आणि पुन्हा बसे.

दर रविवारी तो मावशीकडे जायचा. आई लवकर गेल्यामुळे त्याचं बरंचसं लहानपण याच दोन खोल्यांत गेलं होतं. मावशी रफू करायची. फाटलेल्या कोटाला, जळलेल्या साडीला, उंदराने कुरतडलेल्या शालीला ती असं शिवून द्यायची की गिऱ्हाईक भोक शोधत बसे. खिडकीपाशी तिची खुर्ची, खुर्चीशेजारी दोऱ्यांची पेटी. पलीकडच्या भिंतीवर, दाराजवळ, वळणदार वायरीचा जुना फोन.

"तुझ्या घड्याळानं आज किती वेळा उठवलं?" मावशी विचारायची.

"तीनदा."

"शाळेतल्या मास्तरांनी उठवलं तर रडायचास. आता विकत घेतलायस मास्तर."

थट्टा चालायची, पण त्या वर्षी एक काळजी होती. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की उजवा डोळा आधी करायचा आणि फार लांबवायचं नाही. मोतीबिंदू जुना झाला की कडक होतो आणि काढायला अवघड जातो. नाव यादीत घातलं तेव्हा मावशी सुईत दोरा ओवू शकत होती. दोन महिन्यांनी ती बोटांनी चाचपून काम करू लागली. आणि एक दिवस एका गिऱ्हाइकाने कोट परत आणून दिला. बिचारा नुसता बाहीवरून अंगठा फिरवत उभा राहिला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिचं रफू दिसत होतं. त्यानंतर तिने नवं काम घेणं बंद केलं.

"पाळी कधी येणार रे माझी?" ती विचारायची. "तुझंच यंत्र आहे ना तिथं?"

यंत्र त्याचंच होतं. एका बॅटरीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, पाच माणसांचं त्याचं ऑफिस होतं. दवाखान्याची यादी सांभाळणारा प्रोग्राम त्याने सात वर्षांपूर्वी तिथेच लिहिला होता. तो कसा चालतो हे कळायला संगणक यावा लागत नाही. रुग्णाचं नाव यादीत जातं. पुढचे पुढे सरकतात तसं ते वर येतं. पाळी आली की संगणक स्वतःच रुग्णाला फोन लावतो. रेकॉर्ड केलेला आवाज तारीख सांगतो आणि येणार असाल तर एकचं बटण दाबायला सांगतो. फोन उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा उचलला नाही, तर रुग्ण यादीच्या शेवटी जातो, म्हणजे डॉक्टरांचं टेबल रिकामं राहत नाही. बस्स, एवढंच. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

"रांग आहे मावशी," तो सांगायचा. "येईल फोन."

"जरा डोकावून बघ की, किती नंबर आहे ते."

"आपल्या माणसाचं नाव मी बघत नाही. आज बघितलं तर उद्या वर सरकवावंसं वाटेल."

हे त्याचं तत्त्व होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. मावशीला ते पटायचं. निदान ती गप्प बसायची.

त्याच सुमारास ऑफिसात नवा मदतनीस आला होता. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रामच. साध्या भाषेत सांगितलं की तो कोड लिहून देतो, लिहिलेला तपासून देतो आणि वर तोंडभरून कौतुकही करतो. त्याने कुतूहल म्हणून दवाखान्याचा अख्खा प्रोग्राम मदतनीसापुढे ठेवला. मदतनीसाने अर्ध्या मिनिटात एकेचाळीस दोष काढले. बहुतेक किरकोळच होते, कुठे नाव नीट नाही, कुठे तेच दोनदा लिहिलंय. काही ठिकाणी मात्र शाबासकी होती. 'चाचणीचा नंबर खऱ्या फोनमधून वगळण्याचा नियम सुबक आणि सुरक्षित आहे,' असं एका ओळीबद्दल लिहिलेलं वाचून तो सुखावला. कोणती ओळ, हे मात्र त्याने उघडून पाहिलं नाही. शाबासकीची खातरजमा कोण करतं?

मग एका रविवारी मावशीने दारातच गाठलं.

"समोरच्या दूधवाल्याच्या आईचा डोळा झाला. काळा चष्मा लावून बसलीय ओट्यावर, राणीसारखी."

"अरे वा."

"वा काय? माझ्यानंतर वीस दिवसांनी नाव घातलं तिनं."

"तिचा डोळा जास्त खराब असेल."

"ती परवापर्यंत तांदळातले खडे वेचत होती!"

सोमवारी त्याने ऑफिसातल्या चाचणीवाल्या बाईंना बघायला सांगितलं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. दहा वर्षं हेच करून त्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे, नवऱ्याने केलेल्या चहावरसुद्धा. स्वतः न बघता त्यांना बघायला लावलं, म्हणजे आपलं तत्त्व शाबूत राहिलं, असं त्याने मनाशी ठरवलं.

"पाळी एकदा येऊन गेली," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तीन फोन, तिन्ही उचलले नाहीत. मागे गेल्या. मग बऱ्याच जणांनी नावं काढली म्हणून परत लवकर वर आल्या. आता दुसरी पाळी चालू आहे. तिचेही दोन फोन झाले. उचलले नाहीत."

"म्हणजे एक उरलाय."

"उद्या अकरा दहाला. तोही गेला तर दोनशे चौदावा नंबर. तीन महिने धरून चाला."

पडद्यावर पाचही फोनांपुढे हिरव्या खुणा होत्या. हिरवी खूण म्हणजे प्रोग्रामने आपलं काम केलं.

"दवाखान्यात कळवून टाका ना, की बाई येणार आहेत," चाचणीवाल्या बाई म्हणाल्या.

"कशाला? फोन येतोय ना उद्या. मी स्वतः जाऊन बसतो शेजारी."

"तुमचा फारच विश्वास."

"सात वर्षं चाललंय, बाई."

"माझी सासूपण तेच म्हणते, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल."

संध्याकाळी तो मावशीकडे गेला आणि तिथे दोघांचं वाजलं.

"पाच वेळा फोन आला, मावशी. तू होतीस कुठं?"

"इथं. ह्या खुर्चीत. आणखी कुठं जाणार मी, नाचायला?"

"बाजारात गेली असशील."

"रस्ता दिसत नाही मला. भाजी शेजारीण आणते."

"मग... ऐकू नीट येतं ना? एकदा कान तपासून घेऊ."

मावशीने मान वळवली. तिची नजर त्याच्या चेहऱ्याच्या थोडी डावीकडे लागली, कारण हल्ली तिला मधलं धूसर आणि कडेचं जरा बरं दिसायचं.

"डोळे गेलेत, शहाण्या. कान नाही गेले. तू खिशात मोबाईल थरथरवतोस तोसुद्धा ऐकू येतो."

त्याने स्वतःच्या मोबाईलवरून तिचा नंबर लावला. भिंतीवरचा फोन खणखणीत वाजला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराला तो लॅपटॉप घेऊन फोनखालच्या स्टुलावर बसला. मावशीने केस विंचरले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. फोनवर कोणी बघणार नव्हतं, तरी. लॅपटॉपवर दवाखान्याची यादी उघडी होती. अकरा दहा झाले. यादीतल्या मावशीच्या ओळीपुढे पिवळा ठिपका लुकलुकू लागला.

"लागला," तो म्हणाला.

भिंतीवरचा फोन गप्प होता.

"काय लागला?"

"फोन. वाजतोय आता."

"कुठं वाजतोय?"

"हे बघ, इथं लिहिलंय, वाजतोय."

"मग उचल की!" मावशी म्हणाली.

त्याने खरोखरच रिसीव्हर उचलला. आत नुसता सरळ एकसुरी आवाज येत होता. त्याने तो ठेवला. ठिपका हिरवा झाला. 'फोन केला. उचलला नाही.' त्याखाली लगेच दुसरी ओळ आली, 'पाळी मागे. क्रमांक २१४.'

आपण लिहिलेला प्रोग्राम चुकतो, बंद पडतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. पण तो आपल्या डोळ्यांदेखत, शांतपणे, हिरव्या रंगात खोटं बोलतो, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याने प्रोग्रामचा कोड उघडला आणि मावशीचा नंबर शोधायला दिला. खरं तर तो नंबर कोडमध्ये कुठे असायचं कारणच नव्हतं. नंबर असतात रुग्णांच्या यादीत. कोडमध्ये फक्त नियम असतात.

तो एका ठिकाणी सापडला.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे एक साधन असतं. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी लिहिली, हे ते दाखवतं. ज्याने ते बनवलं त्याने त्याला दोषारोप अशा अर्थाचं नाव दिलंय आणि त्या नावावर नवशिके फार हसतात. त्याने ते चालवलं. ओळीपुढे त्याचंच नाव आलं, सात वर्षांपूर्वीची तारीख आली, आणि कडेला त्याने स्वतः लिहून ठेवलेली टीप होती: 'हा मावशीचा नंबर. फोन करू नये. केला असं नोंदवावं.'

मग सगळं आठवलं. प्रोग्राम नवा होता आणि फोन खरोखर लागतो का हे बघायला कुठलातरी एक खरा नंबर हवा होता. मोबाईल आल्यापासून माणसाला कोणाचेच नंबर पाठ नसतात, बायकोचासुद्धा. त्याला एकच पाठ होता, लहानपणी खिशात चिठ्ठी ठेवायला लागू नये म्हणून मावशीने घोकून घेतलेला. तोच त्याने घातला. एका दिवसात मावशीकडे एकतीस फोन गेले आणि एकतीस वेळा तिला सांगण्यात आलं की आपल्या डोळ्याची शस्त्रक्रिया अमुक दिवशी आहे. संध्याकाळी तिने त्याला असं फैलावर घेतलं की त्याने ऑफिसात परत जाऊन पहिलं काम हे केलं: या नंबरला फोन लावायचा नाही, पण लावल्यासारखं दाखवायचं, म्हणजे बाकीची चाचणी अडायची नाही. चाचणी संपल्यावर ती ओळ काढायची होती. ती राहून गेली.

"बोलत का नाहीस?" मावशीने विचारलं. "तोंड नीट दिसत नाही मला तुझं. काय झालं ते सांग."

त्याने सांगितलं. आडपडदा न ठेवता, पहिल्यापासून.

"म्हणजे मी सात वर्षांपूर्वी ओरडले, त्याचं हे?"

"हो."

"आज्ञाधारक आहे म्हणायचं तुझं यंत्र."

"आणि पहिली पाळी? तीही अशीच गेली?"

"हो."

"आणि तू मला म्हणालास, कान तपासून घे."

"हो मावशी."

ती खिडकीकडे वळून बसली. मग म्हणाली, "आता दोनशे चौदा नंबर ना? तोवर हा डोळा दगड होईल."

त्याने तिथूनच चाचणीवाल्या बाईंना फोन लावला. ओळ काढून टाकायला दोन मिनिटं पुरली, बाईंनी तपासून तो बदल पुढे पाठवायला वीस. पण गेलेली पाळी ओळ काढल्याने परत येत नव्हती.

"यादीवर तुमचा हात आहे," बाई म्हणाल्या. "दोनशे चौदाचे नऊ करा. कोण बघतंय?"

"नोंदीत राहील."

"ती नोंद तुम्ही वाचता आणि मी वाचते. तिसरं कोणी नाही."

त्याची बोटं लॅपटॉपवर होती, हे खरं. दुसरा रस्ता दवाखान्यात जाऊन चूक लेखी देण्याचा होता, आणि तो त्याला परवडणारा नव्हता. दवाखान्यात एका नव्या कंपनीची मंडळी येऊन गेली होती. त्यांचा प्रोग्राम रुग्णाशी माणसासारख्या गप्पा मारतो, तब्येत विचारतो, विनोद सांगतो. जुनाच ठेवायचा की हा घ्यायचा, ते महिनाअखेर ठरणार होतं. जुना प्रोग्राम रुग्णांना फोन न करताच केला म्हणून सांगतो, असा कागद त्याआधी टेबलावर पडला तर ठरवायला काही उरणारच नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "ज्याला नववरून दहावर ढकलू त्याची काय चूक? मी कागद देतो."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी विचारून बघितलं. ते माझं कामच आहे."

दुपारी तो मावशीला घेऊन दवाखान्यात गेला. नोंदणीच्या खिडकीत जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक कारकून बसले होते. त्यांनी पाळी बदलण्याचा अर्ज पुढे सरकवला. त्यावर कारणं छापलेली होती: रुग्ण आजारी, घरात अडचण, डॉक्टर रजेवर, इतर.

"रुग्णाशी नातं?"

"भाचा."

"कारण?"

"इतर."

"'इतर'ला दीड ओळ आहे. बसवा दीड ओळीत."

त्याने लिहिलं: 'या रुग्णाला एकही फोन केला नव्हता. प्रोग्रामने केला असं नोंदवलं. तसं नोंदवायला मीच सांगितलं होतं.' दीड ओळीच्या अडीच ओळी झाल्या. कारकुनांनी कागद भिंगाजवळ नेऊन वाचला, मग पुन्हा वाचला.

"तुम्ही म्हणजे कोण?"

"प्रोग्राम मी लिहिलाय."

"आणि भाचा?"

"तोही मीच."

कारकुनांनी मावशीकडे बघितलं. "खरं आहे का, आजी?"

"भाचा खरा आहे," मावशी म्हणाली. "प्रोग्रामचं मला माहीत नाही. मला दिसत नाही."

"हा कागद वर मोठ्या डॉक्टरांकडे जाणार बरं का," कारकून त्याला म्हणाले. "मी दाबून ठेवू शकत नाही."

"ठेवू नका."

कारकुनांनी शिक्का मारला. दवाखान्याच्या चुकीने ज्यांची पाळी जाते त्यांच्यासाठी आठवड्याला दोन जागा राखलेल्या असतात, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्याच्या प्रोग्राममध्ये तसा रकानाच नव्हता. कारकून त्या जागा एका वहीत, पेन्सिलीने सांभाळत होते. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि सांगितलं, "पुढचा बुधवार. सकाळी काही न खाता."

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू बराच कडक झाला होता, आणखी महिना गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तो निघाला. तोवर त्या कागदाचं वर काय झालं ते कळलं नव्हतं. एक बैठक झाल्याचं आणि दुसरी व्हायची असल्याचं कानावर आलं होतं. ऑफिसात तो आणि चाचणीवाल्या बाई असल्याच आणखी काही ओळी कुठे राहून गेल्यात का, हे एकेक करत तपासत होते. या खेपेला मदतनीसाने शाबासकी दिलेल्या जागा त्यांनी आधी उघडल्या.

पुढच्या रविवारी तो गेला तेव्हा मावशी काळा चष्मा कपाळावर चढवून बसली होती.

"दाखव बघू ती ओळ."

"काढून टाकली, मावशी."

"जुनं सगळं राहतं म्हणालास ना त्यात? ते दाखव."

त्याने जुनी प्रत उघडून अक्षरं मोठी केली. मावशीने डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्याने, दुरून, एकेक शब्द लावत कडेची टीप वाचली. 'हा मावशीचा नंबर. फोन करू नये.'

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "मी एका दिवसापुरतं ओरडले होते." मग बोट पडद्याला लावून म्हणाली, "आणि ह्याच्या खाली काय आहे?"

"तो वेगळा नियम. फोन किती वेळ वाजू द्यायचा त्याचा. सहा रिंग झाल्या की उचलला नाही असं धरायचं."

"सहाच का?"

त्याने आठवून बघितलं. दवाखान्याने सांगितलं होतं का? नाही. कुठे वाचलं होतं का? तेही नाही. सात वर्षांपूर्वी ऑफिसातल्या टेबलावर, हाताशी मोबाईल घेऊन बसलेल्या माणसाला सहा पुरेशा वाटल्या होत्या.

"मी ठरवलं," तो म्हणाला.

"यादीत तरणीताठी माणसं किती असतात रे, मोतीबिंदूची?"

"फारशी नाहीत."

"तुझ्या मोबाईलवरनं लाव फोन," असं म्हणत मावशीने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. "आणि मोज. मी नेहमीसारखीच उठते, मुद्दाम हळू नाही."

त्याने नंबर लावला. भिंतीवरचा फोन वाजू लागला. दुसऱ्या रिंगला ती उभी राहिली. चौथीला तिने दोऱ्यांची पेटी पायाने बाजूला केली. सहावी वाजली तेव्हा ती खोलीच्या मध्यावर होती, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवून.

"सात," तो मोठ्याने म्हणाला. "आठ."

"मोजत राहा," मावशी म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं.